दोन गंगाधर : कौटुंबिक मालिका, बालकांचे अद्भुतविश्व आणि सीमावर्ती गावाची भाषा

प्रस्तावना

एकविसाव्या शतकाच्या आरंभी गंगाधर नावाची दोन पात्रे दूरचित्रवाणीवर एकाच वेळी लोकप्रिय होती. पहिला गंगाधर 'अल्फा टीव्ही मराठी' या वाहिनीवर 2001 मध्ये अवतरला. तो निवृत्त आजोबा होता. मुलगा, सून आणि नातवंडे यांच्यासह राहणारा आणि घरातील बारीकसारीक घडामोडी रोजनिशीत टिपून ठेवणारा. मालिकेचे नाव 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. दुसरा गंगाधर दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवर 1997 पासूनच वावरत होता. जाड भिंगांचा चष्मा लावणारा, पुढे आलेल्या दातांचा हा वृत्तपत्रातील छायाचित्रकार प्रसंग येताच गरगर फिरून 'शक्तिमान' होत असे. पहिला गंगाधर मराठी बोलत होता आणि त्याचे सारे जग घराच्या चार भिंतींत मावत होते. दुसरा हिंदी बोलत होता आणि त्याला आकाश मोकळे होते.

नावाचा हा योगायोग सोडून दिला तरी या दोन पात्रांमध्ये कामाची जी वाटणी दिसते ती योगायोगाची नाही. मराठी दूरचित्रवाणीने कुटुंब आपल्याकडे ठेवले. बालकांचे अद्भुत मात्र हिंदीकडे सोपविले. ही वाटणी कशी झाली, तिची कारणे कोणती आणि सोलापूर जिल्ह्यातील मैंदर्गीसारख्या गावात, जेथे अनेक घरांची भाषा कन्नड व शाळेची मराठी आहे, तेथे तिचा अर्थ काय होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. भाषा, साहित्य, समाजशास्त्र व शिक्षणशास्त्र या विषयांच्या अध्यापकांसमोर आज बसलेला विद्यार्थी याच वाटणीत वाढलेला असल्याने हा प्रश्न करमणुकीपुरता मर्यादित राहत नाही.

मैंदर्गीचा भाषिक शेजार

मैंदर्गी हे अक्कलकोट तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव असून कर्नाटकच्या सीमेला लागून आहे. या पट्ट्यात मराठी व कन्नड या दोन्ही भाषा बाजारात, देवळात व घरात सहजपणे मिसळतात. आजीला 'अज्जी' म्हणणारे मूल शाळेच्या वहीत 'आजी' असे लिहिते आणि त्यात त्याला काही विशेष वाटत नाही. तालुक्यात मराठीप्रमाणेच कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. दोन भाषांची ही सवय हे येथील मुलाचे धन आहे, हे आधीच नमूद करणे आवश्यक आहे. कारण सीमावर्ती मुलाविषयी लिहिताना त्याच्या 'अडचणी'च मोजण्याची प्रथा पडून गेली आहे.

दूरचित्रवाणीच्या इतिहासात या सीमेचा एक उल्लेखनीय प्रसंग आहे. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या काळात भारताने अमेरिकेच्या एटीएस-6 या उपग्रहाच्या साहाय्याने 'साइट' हा शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग केला. सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत सामुदायिक संच बसविण्यात आले. दररोज चार तास प्रक्षेपण होई व त्यांपैकी सकाळचा दीड तास 5 ते 12 वयोगटातील शाळकरी मुलांसाठी राखून ठेवलेला असे. कर्नाटकातील खेडी निवडण्यात आली ती विजापूर, गुलबर्गा व रायचूर या जिल्ह्यांतून. महाराष्ट्राचा या सहा राज्यांत समावेश नव्हता. म्हणजे मैंदर्गीच्या शेजारच्या जिल्ह्यांतील काही खेड्यांत कन्नड मुलांसाठी खास तयार केलेले कार्यक्रम आकाशातून उतरत होते, तेव्हा सीमेच्या अलीकडील मुलांच्या वाट्याला यातील काहीच नव्हते. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजीच सुरू झाले होते. परंतु त्याचे चित्र प्रथम मुंबई व पुणे परिसरातच दिसत असे. मुंबईतील मध्यमवर्गीय घर हे मराठी दूरचित्रवाणीचे पहिले घर ठरले, आणि पुढील काळातील मराठी मालिकांचे वळण समजून घेण्यासाठी ही बाब महत्त्वाची आहे.

कौटुंबिक मालिकेतील मूल

मराठी कौटुंबिक मालिकेचा आरंभ साहित्यातून झाला. 'चिमणराव' ही मुंबई दूरदर्शनची मालिका चिं. वि. जोशी यांच्या विनोदी कथांवर आधारलेली होती. बडोद्याच्या महाविद्यालयात पाली भाषेचे अध्यापन करणाऱ्या या प्राध्यापकाने निर्माण केलेले भोळसट चिमणराव आणि त्यांचा आडदांड भाऊ गुंड्याभाऊ हे दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी घराघरांत पोहोचविले. या कुटुंबात मुले आहेत, त्यांचे हट्ट व आजार आहेत. परंतु मालिका मुलांची नाही. मुले ही वडिलांच्या फजितीचे निमित्त होतात.

ना. धों. ताम्हणकर यांच्या कथांवरील, राजदत्त दिग्दर्शित 'गोट्या' ही मालिका येथे अधिक बारकाईने पाहावी लागेल. गोट्या अनाथ आहे. तो एका घरात येतो आणि हळूहळू त्या घरचाच होतो. त्याच्याकडे कोणतीही जादू नाही. त्याच्याजवळ आहे तो प्रामाणिकपणा, हजरजबाबीपणा आणि थोडी खोडी. त्याच्या आयुष्यातील पोकळी माणसे भरून काढतात. ताम्हणकरांच्या पिढीतील मराठी बालसाहित्याची हीच श्रद्धा होती : मुलाला परी नको, माया करणारे घर हवे. या श्रद्धेत सानेगुरुजींच्या काळाचा संस्कार उघड आहे आणि तिचे मोलही निर्विवाद आहे. तथापि तिची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. ज्या मुलाला असे घर मिळत नाही, त्याने काय करावे, याचे उत्तर ही परंपरा देत नाही.

'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकावर आधारलेली होती. केदार शिंदे यांनी तिचे दिग्दर्शन केले. आठवड्यातून एकदा येणाऱ्या या मालिकेत आबा, शेखर, श्यामला, शलाका व शिऱ्या या पाच जणांचे घर होते. खलनायक नाही, कारस्थान नाही, संपत्तीचा वाद नाही. महाविद्यालयात जाणारी मुलगी आणि अभ्यासात रमणारा नव्हे तर अभ्यास टाळण्यात रमणारा मुलगा यांना मालिकेत पुरेशी जागा होती. त्यांच्याकडे पाहणारी नजर मात्र आजोबांची होती. मराठी कौटुंबिक मालिकेने मुलाला नेहमी प्रेमाने पाहिले आहे. परंतु तिने मुलाच्या डोळ्यांनी जग क्वचितच पाहिले, असे म्हणावे लागते.

याच सुमारास मालिकांचे स्वरूप बदलत होते. 1999 मध्ये 'अल्फा टीव्ही मराठी' आणि 2000 मध्ये 'ईटीव्ही मराठी' या वाहिन्या सुरू झाल्या. 'आभाळमाया'ने नोकरी करणाऱ्या, प्राध्यापक असलेल्या स्त्रीचा संसार मांडला. 'ईटीव्ही मराठी'वरील 'चार दिवस सासूचे' ही मालिका 2001 ते 2013 इतका दीर्घकाळ चालून तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. एका घरातील सासू-सुनांची गोष्ट बारा वर्षे पुरते, पण त्या घरातील मुलांचे बालपण मात्र मालिकेत दोन भागांच्या मध्ये संपून जाते! दैनंदिन मालिकेत बालपण ही प्रामुख्याने कालावधी पुढे ढकलण्याची सोय असते.

अद्भुत मालिकेतील घर

हिंदीतील बालमालिका याच काळात दुसऱ्या दिशेने निघाल्या होत्या. 1985 मध्ये रामानंद सागर यांची 'विक्रम और बेताल' आली. वेताळपंचविशीच्या या कथा मराठी मुलांना नव्या नव्हत्या. चेन्नईहून निघणाऱ्या 'चंदामामा' मासिकाची कन्नड आवृत्ती 1949 मध्ये आणि 'चांदोबा' ही मराठी आवृत्ती 1952 मध्ये सुरू झाली होती, व झाडावरून प्रेत उतरवून खांद्यावर घेणारा विक्रम दोन्ही भाषांत घरोघरी परिचित होता. दूरचित्रवाणीवर येताना मात्र तो हिंदी झाला. 'अलिफ लैला', 'चंद्रकांता' या 1990 च्या दशकातील मालिकांनी हाच मार्ग रुंद केला.

2000 च्या सुमारास आलेल्या बालमालिका याहून वेगळ्या होत्या, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याच महत्त्वाच्या ठरतात. त्यांत राजा व राक्षस मागे पडले आणि अद्भुत हे सदनिकेत, शाळेत, जेवणाच्या टेबलाशी आले. 'स्टार प्लस'वरील 'सोन परी' (2000 ते 2004) या मालिकेतील फ्रुटी ही आई नसलेली मुलगी आहे. तिच्या मदतीला सोना ही परी येते व सोबत अल्टू हा विनोदी साथीदार. 'शाका लाका बूम बूम'मधील संजूला अशी पेन्सिल सापडते की तिने काढलेली वस्तू प्रत्यक्षात उतरते. 'करिश्मा का करिश्मा' (2003-04) मध्ये शास्त्रज्ञ वडील यंत्रमानव मुलगी घरात आणतात आणि ती घरचीच आहे असे शेजाऱ्यांना भासवितात. ही मालिका 'स्मॉल वंडर' या अमेरिकी मालिकेवर बेतलेली होती. त्याआधी 1995 मध्ये 'झी टीव्ही'वर आलेल्या 'हम पाँच' या विनोदी मालिकेत तर दिवंगत पहिली पत्नी भिंतीवरील तसबिरीतून नवऱ्याशी बोलत असे.

या मालिकांचे कथानक उलगडून पाहिले की एक समान घडण दिसते. घरात एक रिकामी जागा असते आणि अद्भुत नेमके त्या जागेवर येऊन बसते. फ्रुटीला आई नाही, म्हणून परी आई होते. संजू लहान आहे, मोठ्यांच्या जगात त्याच्या शब्दाला वजन नाही, म्हणून पेन्सिलीला वजन येते. तसबिरीतील पत्नी गेलेली आहे, तरी तिचा अधिकार गेलेला नाही. बाह्यतः साहसकथा वाटणाऱ्या या मालिका वस्तुतः कौटुंबिक मालिकाच होत्या. फरक इतकाच की कुटुंबातील उणीव मुलाच्या बाजूने पाहिली जात होती आणि ती भरून काढण्याचे साधन मुलाच्या हाती दिले जात होते. गोट्याची पोकळी घराने भरली. फ्रुटीची पोकळी घराला भरता आली नाही. दोन मालिकांमधील खरे अंतर येथे आहे. परी हा त्या अंतराचा केवळ बाह्य आकार होय.

'शक्तिमान' या घडणीत पूर्णपणे बसत नाही. तेथे गंगाधराची ओळख वृत्तपत्राच्या कचेरीतून होते, घरातून होत नाही. परंतु प्रेक्षक म्हणून मूल त्या मालिकेला घरात आणत होते. संकटात सापडलेल्या मुलाकडे शक्तिमान धावून येतो हे दृश्य वारंवार दिसल्याने काही मुलांनी त्याची परीक्षा पाहण्यासाठी स्वतःला धोक्यात घातल्याच्या बातम्या त्या काळी वृत्तपत्रांत आल्या आणि मालिकेवर टीका झाली. मालिकेच्या शेवटी खुद्द शक्तिमान मुलांना चांगल्या सवयींविषयी व सुरक्षिततेविषयी सांगत असे. त्या बातम्यांवरील चर्चा बहुतांशी 'मालिकेचा वाईट परिणाम' या शब्दांत संपली. आपल्याकडे कोणी धावून येईल का, हे मुलाला तपासून पाहावेसे का वाटले, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. आणि तो विचारला जावयास हवा होता.

अँटेना आणि केबल

या मालिकांपैकी कोणती कोणाला दिसत होती, हा मुद्दा सांस्कृतिक चर्चेत पुष्कळदा राहून जातो. 'शक्तिमान' दूरदर्शनच्या पहिल्या वाहिनीवर होता. छपरावर ॲल्युमिनियमचा अँटेना असला की तो दिसे. 'सोन परी' व 'करिश्मा का करिश्मा' या 'स्टार प्लस'च्या मालिका होत्या आणि त्यांच्यासाठी केबल लागे. 'शाका लाका बूम बूम' आधी दूरदर्शनवर व नंतर 'स्टार प्लस'वर गेली, म्हणजे एकाच मालिकेने दोन प्रकारची घरे पाहिली. लहान गावात केबलची जोडणी ही दरमहा पैसे भरण्याची बाब होती. त्यामुळे एकाच वर्गातील दोन बाकांवर बसणाऱ्या मुलांची अद्भुतविश्वे निराळी असू शकत. परी पाहणारे मूल आणि शक्तिमान पाहणारे मूल यांच्यातील भेद आवडीनिवडीचा वाटतो, पण त्यात घराच्या मिळकतीचाही भाग होता.

संच घरात एकच असे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. रविवारची दुपार मुलांची. संध्याकाळी सात ते दहा ही वेळ घरातील स्त्रियांची व त्यांच्याबरोबर बसलेल्या सर्वांची. त्यामुळे मुलांनी कौटुंबिक मालिका पाहिल्या नाहीत असे झाले नाही. त्यांनी त्या भरपूर पाहिल्या, परंतु मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून, मोठ्यांच्या निवडीने पाहिल्या. डिसेंबर 2004 मध्ये दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा सुरू झाली. एकदाच खर्च करून बसविलेल्या छत्रीवर दूरदर्शनच्या प्रादेशिक वाहिन्याही येत असल्याने 'सह्याद्री' व 'चंदन' या मराठी आणि कन्नड वाहिन्या शेजारी शेजारी आल्या. सीमावर्ती घरासाठी ही सोय मोठी होती. अज्जीला कन्नड मालिका, सुनेला मराठी, आणि नातवंडांना दोन्ही. परंतु नातवंडांची स्वतःची अशी जी मालिका होती ती तिसऱ्याच भाषेत.

पुढे 2009 मध्ये सन समूहाने कन्नडमध्ये 'चिंटू टीव्ही' ही मुलांची स्वतंत्र वाहिनी सुरू केली. मराठीत त्या दशकात अशी वाहिनी निघाली नाही. 2008 मध्ये आलेल्या 'छोटा भीम'ने मग हिंदीची पकड आणखी घट्ट केली. 2021 मध्ये 'ईटीव्ही बालभारत' अनेक भारतीय भाषांत सुरू झाली. तोपर्यंत लहान मुलाच्या हाती घरातील मोठ्यांचा मोबाइल आलेला होता.

मराठीत परी का आली नाही?

मराठीला अद्भुताचे वावडे होते, हे याचे उत्तर होऊ शकत नाही. मराठी रंगभूमीवर बालनाट्याची समृद्ध परंपरा आहे. सुधा करमरकर यांनी 1959 मध्ये 'मधुमंजिरी' हे नाटक रंगमंचावर आणले; त्याचे लेखक होते रत्नाकर मतकरी. मतकरींनी पुढे 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या' अशी नाटके लिहून चेटकिणी, राक्षस व राजपुत्र यांना मराठीत हक्काचे घर दिले. 'अलबत्या गलबत्या'मधील चेटकीण गाजविणारे नट होते दिलीप प्रभावळकर. म्हणजे ज्या नटाने दूरचित्रवाणीवर चिमणराव आणि टिपरे आबा हे मराठी कुटुंबाचे दोन अत्यंत लाडके चेहरे साकार केले, त्याच्याच अंगी मराठीतील सर्वांत लाडकी चेटकीणही होती. रंगमंचाने त्यांच्यातील दोन्ही बाजू वापरल्या. दूरचित्रवाणीने प्रामुख्याने एकच वापरली. 2018 मध्ये हे नाटक नव्या संचात पुन्हा आले व मुलांनी नाट्यगृहे भरली, यावरून मागणी आटली नव्हती हे दिसते.

कलावंतांचा अभाव हेही कारण नव्हते. सोना परीची भूमिका करणाऱ्या मृणाल कुलकर्णी या गो. नी. दांडेकर यांच्या नात. दूरदर्शनवरील 'स्वामी' मालिकेतील रमाबाई म्हणून त्या मराठी घरांना आधीच परिचित होत्या. अल्टू झालेले अशोक लोखंडे, 'हम पाँच'मधील वडील अशोक सराफ व तसबिरीतील पत्नी प्रिया तेंडुलकर, संजू झालेला किंशुक वैद्य ही सारी मराठी नावे. मराठी कलावंतांनी हिंदीत परी उभी केली आणि मराठी मुलांनी ती हिंदीत पाहिली, असा हा उलटा प्रवास आहे.

खरे कारण निर्मितीच्या अर्थकारणात शोधावे लागते. दैनंदिन कौटुंबिक मालिका एका बंगल्यात किंवा एका उभारलेल्या संचात महिनोन्‌महिने चित्रित होते. दिवाणखाना, स्वयंपाकघर, जिना आणि देवघर एवढ्यावर शेकडो भाग निघतात. अद्भुत मालिकेला प्रत्येक भागात नवी जागा, नवा वेश व दृश्यचमत्कार लागतो. म्हणजे भागागणिक खर्च वाढतो. हा खर्च देशभर पसरलेल्या हिंदी प्रेक्षकांवर वाटला गेला तर परवडतो. 'शक्तिमान'ला पार्ले-जी बिस्किटासारखा प्रायोजक मिळाला, कारण ते बिस्किटही देशभर विकले जात होते. एका राज्यापुरत्या वाहिनीला जाहिरातदार मिळत तो घरखर्च सांभाळणाऱ्या गृहिणीसाठी. खाऊ व खेळणी विकणाऱ्याला हिंदी वाहिनी अधिक सोयीची होती. मराठी मूल हिंदी समजून घेते, हा व्यापारी अंदाज बरोबरच होता. किंबहुना तो इतका बरोबर होता की मराठीत प्रयत्न करण्याची गरजच कोणास भासली नाही.

याला एक सांस्कृतिक कारणही जोडले पाहिजे. मुंबई-पुण्यातील सुशिक्षित वर्गाची वास्तववादावरील निष्ठा मराठी दूरचित्रवाणीच्या मुळाशी होती. 'हम लोग' (1984-85) ही दीडशेहून अधिक भागांची पहिली मोठी हिंदी मालिकाही मेक्सिकोतील लोकशिक्षणपर मालिकांच्या नमुन्यावर, कुटुंबनियोजनासारखे विषय डोळ्यांसमोर ठेवून तयार झाली होती. मालिकेने काही शिकवावे, ही अपेक्षा सर्वत्र होती. मराठीत ती अधिक काळ टिकली. परी काहीच शिकवीत नाही, ही तिच्यावरील जुनी तक्रार आहे.

देव, भूत आणि परी

मराठी वाहिन्यांवर अद्भुत अजिबात आले नाही असे मात्र म्हणता येत नाही. ते दोन दारांनी आले. एका दाराने देव आले : 2014 मध्ये 'झी मराठी'वरील 'जय मल्हार', 2018 मध्ये 'कलर्स मराठी'वरील 'बाळूमामाच्या नावानं चांगभलं' आणि 2020 च्या डिसेंबरात त्याच वाहिनीवर 'जय जय स्वामी समर्थ'. दुसऱ्या दाराने भूत आले : 2016 मधील 'रात्रीस खेळ चाले' हे त्याचे ठळक उदाहरण. परीला तिसरे दार उघडले नाही.

'जय जय स्वामी समर्थ'चा विचार मैंदर्गीच्या संदर्भात स्वतंत्रपणे करावा लागतो. स्वामी समर्थांचे वास्तव्य ज्या अक्कलकोटात 1878 मध्ये त्यांच्या समाधीपर्यंत होते, ते मैंदर्गीच्या तालुक्याचेच ठिकाण. ज्या गावाच्या मुलांनी अनेक वर्षे अनोळखी शहरातील, अनोळखी भाषेतील चमत्कार पाहिले, त्यांच्या धाकट्या भावंडांना आपल्याच तालुक्याच्या नावाने घडणारे चमत्कार रोज संध्याकाळी मराठीत दिसू लागले. ही घटना लहान नाही. तरीही भक्तिमालिकेतील चमत्कार आणि बालमालिकेतील जादू यांत मूलभूत भेद आहे. चमत्कार श्रद्धेच्या अधीन असतो. तो करणारा मोठा असतो व मुलाने हात जोडावयाचे असतात. पेन्सिल मुलाच्या हातात असते. तिने काढलेले चित्र चुकले तर संकटही मुलाच्याच चुकीने येते व तेच ते निस्तरते. कर्तेपण कोणाकडे आहे, यावर हा भेद अवलंबून आहे. भक्तिमालिका कमी प्रतीच्या ठरतात असा याचा अर्थ नव्हे. त्या बालमालिकेची जागा घेऊ शकत नाहीत, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

सीमेपलीकडील एक उदाहरण येथे उपयुक्त ठरते. 1987 मध्ये दूरदर्शनवर आलेली 'मालगुडी डेज' ही आर. के. नारायण यांच्या इंग्रजी कथांवरील मालिका. शंकर नाग या कन्नड कलावंताने, ज्याने आरंभीच्या काळात मुंबईत मराठी नाटकांत काम केले होते, ती कर्नाटकातील आगुंबे येथे चित्रित केली. स्वामीच्या वडिलांचे काम गिरीश कार्नाड यांनी केले. ती देशभर पाहिली गेली ती हिंदीत. स्वामीकडे परी नाही, पेन्सिल नाही. आहे ती मित्रांची टोळी, क्रिकेटचे वेड आणि वडिलांचा धाक. तरी त्या मालिकेतील प्रत्येक दिवस मुलाच्या नजरेतून साहसाचा होतो. कौटुंबिक मालिका आणि बालसाहस यांना निराळे करावेच लागते असे नाही, हे या मालिकेने फार आधी सिद्ध केले होते. मराठी कौटुंबिक मालिका या वाटेने का गेली नाही, याचे समाधानकारक उत्तर केवळ अर्थकारणातून मिळत नाही. अशा मालिकेला दृश्यचमत्कारांचा खर्च नसतो. तिला लागतो तो मुलाला केंद्रस्थानी ठेवण्याचा निर्णय.

अध्यापकासमोरील विद्यार्थी

आज पदवीच्या वर्गात बसणारा विद्यार्थी 2005 च्या आसपास जन्मलेला आहे. त्याने 'शक्तिमान' पाहिला असेल तर तो यूट्यूबवर. मात्र ज्या वाटणीत तो वाढला ती कायम आहे : घराची दुःखे त्याला मराठीत किंवा कन्नडमध्ये ऐकू येतात आणि साहसाचे शब्द हिंदीत सुचतात. मराठीत काल्पनिक कथा लिहावयास सांगितली असता संवादांत अचानक हिंदी वाक्ये येणे, यास अध्यापक बहुधा भाषिक अशुद्धी मानतात व लाल शाईने खूण करतात. ती अशुद्धी असेलही. परंतु तिचा उगम निष्काळजीपणात शोधणे अन्यायाचे होईल. राक्षस कोणत्या भाषेत ओरडतो हे त्या मुलाने जसे ऐकले तसे लिहिले आहे.

या संदर्भात ए. के. रामानुजन यांचे कार्य मार्गदर्शक आहे. बेळगाव येथे इंग्रजीचे अध्यापन करीत असताना त्यांनी त्या परिसरातील कन्नड लोककथा गोळा केल्या. त्यांतील अनेक कथा त्यांच्या निधनानंतर 1997 मध्ये 'अ फ्लॉवरिंग ट्री' या संग्रहात प्रसिद्ध झाल्या. या कथा घरातील स्त्रिया मुलांना सांगत असत आणि त्यांत झाड होणारी मुलगी, बोलणारे प्राणी, सावत्र आईचा छळ व त्यातून सुटका असे सारे आहे. फ्रुटीच्या घरातील रिकामी जागा या कथांना शतकानुशतके माहीत होती. महाविद्यालयीन अध्यापकाने मैंदर्गीत, दुधनीत किंवा अक्कलकोटात अशा कथा गोळा करण्याचे काम विद्यार्थ्यांकडे सोपविले तर त्यासाठी निधीची वा उपकरणांची गरज नाही; अज्जी घरातच आहे.

हे काम करताना एक साधी पद्धत उपयोगी पडेल. विद्यार्थ्याने अज्जीची कथा आधी तिच्याच कन्नड शब्दांत, देवनागरीत का होईना, उतरवून घ्यावी. नंतर ती मराठीत लिहावी. आणि त्यानंतर त्याच आशयाची बालपणी पाहिलेली मालिका कोणती, हे नोंदवावे. तीन रकान्यांची ही नोंद अंतर्गत मूल्यमापनातील प्रकल्प म्हणून सहज स्वीकारता येईल. पहिल्या रकान्यात परीसाठी 'किन्नरी' येते की 'यक्षिणी' की दोन्ही नाहीत आणि एखादी गावदेवीच तिचे काम करते, हे पाहणे विशेष उद्‌बोधक ठरेल. मराठी रकान्यात विद्यार्थी 'परी' हा फारसीतून आलेला शब्द लिहील. तिसऱ्या रकान्यात मात्र बहुतेकांकडे एक नावच असेल, आणि त्या नावाखालील मालिका कोणत्या घरात, कोणाच्या शेजारी बसून पाहिली, हे विचारल्यावर पुढील नोंदी सुरू होतील.